पाइपावरचे दोन ठोके

ताईचा सोमवार सुरू व्हायचा तो कपाळावरच्या आठीनं. रविवारी दिवसभरात केव्हातरी जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यातून नवा कच्चा गाभा बाहेर पडायचा आणि सोमवारी सकाळी आठाच्या आत तो खालच्या मजल्यावर चिमणीच्या मशीनवर चढलेला असायलाच हवा, असा ताईचा नेम होता. नेम कुणी घालून दिला नव्हता. तिचा तिनंच घेतला होता, म्हणून तर मोडता येत नव्हता.

गाभा म्हणजे कर्नेल. कॉम्प्युटरच्या सगळ्या कारभाराच्या बुडाशी बसलेला. हा फुकटातला, सगळ्यांसाठी खुला, कुणाच्या मालकीचा नसलेला गाभा हजारो माणसं मिळून रचतात आणि दर दोन-अडीच महिन्यांनी त्याची नवी पक्की आवृत्ती काढतात. ती पक्की होण्याआधी दर आठवड्याला एक, अशा सात कच्च्या आवृत्त्या निघतात. ज्याला हौस असेल त्यानं त्या आपल्या मशीनवर चढवाव्यात, काय मोडलं ते कळवावं. ताईला हौस मुळीच नव्हती. तिनं तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमधली यंत्रं सांभाळली होती आणि निवृत्त झाल्यावर यंत्र या वस्तूचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आपण ठरवतो एक.

चिमणी ही तिची धाकटी बहीण. बावन्न वर्षांची झाली, तरी चिमणीच. तिला जन्मापासून दिसत नाही. कोर्टातल्या साक्षींचं रेकॉर्डिंग ऐकून ते शब्दन्शब्द टाइप करायचं, हे तिचं काम. ते ती इतकं चोख करायची, की साक्षीदार कुठे खोकला तेसुद्धा कागदावर यायचं. टाइप केलेलं ती बोटांनी वाचायची. कीबोर्डखाली चाळीस खणांची एक ब्रेल पट्टी होती, ओळ बदलली की ठिपके टकटक वर यायचे. पट्टी वीस वर्षांची, ती बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. नवी पट्टी तिनं एकदा हाताळून पाहिली होती. "मुळमुळीत आहे," म्हणाली, "भिजलेल्या शेंगदाण्यांवरून बोट फिरवल्यासारखं वाटतं." विषय संपला.

पट्टी मशीनला जोडायची केबलही त्याच कंपनीची, दुसरी कुठली चालत नाही. आणि त्या केबलची भाषा मशीनला समजावून सांगणारा जो छोटासा ड्रायव्हर गाभ्यात असतो, तो काढून टाकायचं घाटत होतं. ही बातमी ताईनं वर जेवताना नवऱ्याला सांगितली. तो बत्तीस वर्षं बसचा ड्रायव्हर होता. घास तसाच ठेवून त्यानं विचारलं, "वय झालं म्हणून काढतायत? युनियन नाही का त्याला?"

"अहो, तो प्रोग्रॅम आहे."

"असू दे. काढताना कारण द्यावं लागतं."

कारण दिलेलं होतं. त्या ड्रायव्हरची देखभाल करणारा कुणी दूरदेशीचा माणूस होता. चिमणी त्याला राखणदार म्हणायची. त्यानं जाहीर पत्रात लिहिलं होतं, 'ही केबल आता कुणी वापरत नाही. ड्रायव्हर काढतो.' ताईनं उलट लिहिलं, 'माझी बहीण वापरते. तिची भाकरी त्यावर आहे.' राखणदाराचं दोन ओळींचं उत्तर आलं: 'मग दर आठवड्याला कच्चा गाभा तपासून जाहीर साक्ष द्या. सातही वेळा साक्ष मिळाली, तर या आवृत्तीत ड्रायव्हर राहील.'

जुनाच गाभा वापरत राहावं म्हटलं, तर कोर्टाची कचेरी जुन्या गाभ्याच्या मशीनला वर्षभरानंतर दारात उभं करत नाही. म्हणजे ड्रायव्हर गेला की पट्टी गेली, पट्टी गेली की काम गेलं. झालं, ताईच्या मागे सोमवार लागला.

पद्धत अशी. रविवारी ताई वर आपल्या मशीनवर गाभा बांधायची. पंखा असा घोंघावायचा की नवरा म्हणायचा, "घरात गिरणी टाकलीस, पीठ तर दिसत नाही." सोमवारी सकाळी पेनड्राइव्ह घेऊन चौदा पायऱ्या उतरायची, गाभा चढवायची आणि वर यायची. खाली थांबायची सोय नव्हती. चिमणीच्या कामात लोकांच्या घरच्या भानगडी असायच्या, त्यामुळे ती कामाला बसली की खोलीत तिसरं सोडा, दुसरं माणूसही नको. चहा झाला की चिमणी मशीन रीस्टार्ट करायची, तासभर काम करून बघायची आणि मग दोन्ही मजल्यांतून जाणाऱ्या पाण्याच्या पाइपावर चमच्यानं ठोकायची. दोन ठोके म्हणजे चालतंय. तीन म्हणजे नाही.

दोन ठोके ऐकले की ताई जाहीर पत्र लिहायची: 'तपासलं. चालतंय.' खाली आपलं नाव.

सातव्या सोमवारीही दोन ठोके पडले. ताईनं पत्र पाठवलं, खुर्चीत मागे टेकली आणि दीड महिन्यात पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी विरली. पुढच्या रविवारी पक्की आवृत्ती. सुटले बाई एकदाची.

दुपारी राखणदाराचं उत्तर आलं. 'छान. नोंदीसाठी सातव्या कच्च्याच्या आजच्या सुरुवातीचा लॉग पाठवा.'

"आता हा लॉग कशाला हवाय याला?" ताई करवादली. "नाव लिहून दिलं, ते पुरत नाही."

मशीन सुरू होताना काय काय केलं याची एक यादी ते स्वतःच लिहून ठेवतं, तिला लॉग म्हणतात. ताई खाली गेली. चिमणी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. ताईनं आजची आणि मागच्या साऱ्या याद्या पेनड्राइव्हवर घेतल्या, वर आली, आजची उघडली. पहिल्याच ओळीत गाभ्याचा क्रमांक असतो.

तो सातव्या कच्च्याचा नव्हता. सहाव्याचाही नव्हता. दोन महिन्यांपूर्वीचा जुना पक्का गाभा होता तो.

ताईला आधी वाटलं, आपण चुकीची यादी उघडली. मग तिनं मागच्या आठवड्याची काढली, त्याच्या मागची काढली. जुना पक्का, जुना पक्का, जुना पक्का. कच्चा गाभा एकदाच दिसत होता, पहिला, पहिल्या सोमवारी. त्यानंतर एका बुधवारी अकरा मिनिटं काहीतरी नवं चाललं होतं आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

ती चौदा पायऱ्या उतरली. जिना उतरताना ताई कधी कठडा धरत नसे, या वेळी धरला.

"चिमणे, मशीन सुरू करताना तू खालचा बाण दाबतेस?"

चिमणीच्या हातातला चिमटा हातातच राहिला. मशीन सुरू होताना पाच सेकंद थांबतं. तेवढ्यात खालचा बाण दोनदा दाबून एंटर केलं की नव्याऐवजी जुना गाभा उठतो. अडीनडीला असावं म्हणून ही युक्ती ताईनंच तिला शिकवली होती.

"दाबते," चिमणी म्हणाली.

"किती दिवस?"

"बरेच."

"आणि पाइपावर ठोकत होतीस दोनदा. चालतंय म्हणून."

"चालतच होतं की. काय चालतंय ते तू कधी विचारलंस? माझं मशीन चालतंय, मी ठोकलं."

ताईनं तोंडातल्या तोंडात दहा अंक मोजले. आवाज चढवायचा नाही हाही तिचा एक नेम होता, आणि आज तो दहा अंकांवर टांगलेला होता. "तू रोज लोकांच्या साक्षी लिहितेस," ती हळूच म्हणाली. "असं बोलणाऱ्या साक्षीदाराला कोर्टात काय म्हणतात?"

चिमणीनं चिमटा दोरीला लावला. दोरीला नुसताच, कपड्याशिवाय.

"त्या बुधवारी तू राखणदारानं तपासायला पाठवलेल्या कसल्याशा दुरुस्त्या आणल्यास. पाच होत्या म्हणालीस," ती म्हणाली. "मी सुरू केलं. एका म्हातारीची तीन तासांची साक्ष होती, संध्याकाळी द्यायची होती. दहा मिनिटं बरं चाललं आणि पट्टी मेली. ठिपके वर आले ते वरच राहिले. मी जुनं लावलं आणि कामाला लागले. मग तू वरून विचारलंस, चालतंय का. आवाजात असं होतं ना तुझ्या, जसं काही राखणदारानं तुला बक्षीसच दिलंय. मी म्हटलं, आज ठोकते, उद्या सांगते."

"मग उद्या?"

"उद्या आणखी अवघड झालं."

ताई खुर्चीत बसली. पहिला सोमवार सोडला, तर बुधवारची एक आणि पुढच्या सहा सोमवारांच्या सहा. तिच्या नावाच्या सात साक्षी साऱ्या जगासमोर पडल्या होत्या, आणि सातही खोट्या.

"एक करता येईल," चिमणी चाचरत म्हणाली. "सातव्यातच काहीतरी बिघडलं असं लिही. आज दुपारी कळलं म्हणावं. ते खोटं कुठंय? आजच कळलं तुला."

"चिमणे."

"बरं, राहिलं."

"खरं लिहिलं तर तो म्हणेल, हिच्या शब्दाला काही किंमत नाही, आणि ड्रायव्हर काढेल. हे मला कळतंय. पण न पाहिलेल्याखाली मी सात वेळा सही केली. आठवी करायची नाही मला."

तिनं वर जाऊन लिहिलं. एरवी दोन ओळींत आटपणारं पत्र त्या दिवशी तास खात बसलं. 'माझी बहीण' हे शब्द तिनं चार वेळा लिहिले आणि चार वेळा खोडले. शेवटी लिहिलं: 'पहिली सोडून माझ्या बाकीच्या सात साक्षी मागे घेते. मशीनवर जुना गाभा चालू होता. मी क्रमांक पाहिला नाही, ही चूक माझी. नव्यात पट्टी बंद पडते.' पाठवलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "आता भीक नको पण कुत्रं आवर, असं झालंय मला."

"काय करतील? निलंबित?"

"अहो, तुम्ही पेपर वाचा."

मंगळवारी सकाळी उत्तर आलं. त्यात राग नव्हता, तो असता तर बरं वाटलं असतं. 'पहिला कच्चा चालत होता, दुसऱ्यापासून बंद, असं दिसतं. मधल्या कुठल्या बदलानं मोडलं ते शुक्रवारपर्यंत शोधा. नाहीतर काढतो.'

पहिल्या आणि दुसऱ्या कच्च्याच्या मधे साडेचारशे बदल होते. केबलच्या ड्रायव्हरच्या फाइलीत बघावं तर तिथं एकही नाही. म्हणजे खोट दुसरीकडेच कुठे होती आणि भोग मात्र केबलला. अशा वेळी एकच उपाय. साडेचारशेच्या बरोबर मधला गाभा बांधायचा आणि चालवून बघायचा. चालला तर खोट पुढच्या निम्म्यात, नाही चालला तर मागच्या. मग त्या निम्म्याचा मधला, मग त्याच्या निम्म्याचा. नऊ खेपांत चोर सापडतो. सांगायला सोपं आहे. दर खेपेला पन्नास मिनिटं बांधायला, चौदा पायऱ्या उतरायला आणि चौदा चढायला, आणि शिवाय चिमणीनं पंधरा-वीस मिनिटं सलग टाइप केल्याशिवाय पट्टी मरते की जगते ते कळत नाही.

"आता मी इथंच बसणार," ताईनं बजावलं. "कोर्टाचं काही टाइप करू नकोस. मनाचं कर. आणि सुरू झालं की आधी क्रमांक वाचायचा. मोठ्यानं."

"हो, न्यायाधीशबाई."

चिमणीला टाइप करताना पुटपुटायची सवय होती. मनाचं कर म्हटल्यावर तिनं जे सुरू केलं, ते ऐकून ताईनं हात टेकले. "ताईनं मी सात वर्षांची असताना माझी शिट्टी घेतली ती अजून दिली नाही. ताईनं आईला सांगितलं की बरणी मी फोडली. बरणी ताईनं फोडली."

"मांजरानं फोडली."

"साक्षीदारानं मधे बोलू नये."

पहिल्या खेपेला पट्टी बाराव्या मिनिटाला मेली. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला चालली. चौथ्या खेपेचा गाभा उठलाच नाही, नुसता कोरा बसून राहिला. त्याच्या शेजारचा बदल घेऊन पुन्हा बांधावा लागला, म्हणजे एक तास फुकट. पाचवी बांधून होत आली होती, चाळीस मिनिटं झाली होती, तेवढ्यात नवऱ्यानं शर्टाला इस्त्री करायची म्हणून बटण शोधता शोधता भलतंच बटण बंद केलं. पंखा थांबला. घरात अशी शांतता झाली की त्याची त्यालाच भीती वाटली.

"गिरणी बंद पडली का गं?"

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. तो शर्ट इस्त्री न करताच घालून बाहेर गेला आणि दोन तास आला नाही.

बुधवारी सहावी खेप. बोटं ठिपक्यांवर टेकवून चिमणीनं आधी क्रमांक वाचला, एकेक अंक, कोर्टातल्या कारकुनासारखा. मग टाइप करू लागली. तक्रारी संपत आल्या होत्या. लहानपण उरकून ती आता अलीकडच्या वर्षांत आली होती. "ताई म्हणते मीठ कमी कर. ताई म्हणते बाहेर जाताना फोन कर. ताई माझ्या पट्टीसाठी दर सोमवारी पायऱ्या उतरते, तिचे गुडघे दुखतात, ती सांगत नाही पण पावलांवरून मला कळतं. मला वाटलं, एकदा नाही म्हटलं तर हिला सगळं पहिल्यापासून करावं लागेल. म्हणून मी..."

बोटं थांबली.

"काय झालं?" ताईनं विचारलं.

"मेली," चिमणी म्हणाली. "अठराव्या मिनिटाला."

ताईनं वहीत फुली मारली. फुली मारताना पेन जरा जास्तच दाबलं गेलं. "गुडघे कुणाचे दुखत नाहीत," ती म्हणाली आणि पेनड्राइव्ह घेऊन वर गेली. या वेळी पावलं मुद्दाम हलकी टाकत. खाली चिमणीला तेही ऐकू गेलं.

सातवी, आठवी. गुरुवारी दुपारी नववी. एकच बदल उरला. ताईनं तो उघडला आणि चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला, पुन्हा वाचला.

चिमणी खालून पाइपावर ठोकत होती, लागोपाठ, उगाचच. ताई खाली गेली तशी म्हणाली, "सापडला? कुणाचा निघाला?"

"राखणदाराचाच. सगळ्या केबलींना उत्तरासाठी जेवढा वेळ द्यायचा तो त्यानं कमी केला. तुझी केबल म्हातारी, तिला तेवढा पुरत नाही. बुधवारच्या पाच दुरुस्त्यांतली तिसरी."

"मग त्याच्याच गळ्यात घाल की."

"बदलाखाली साक्षीदाराचं नाव असतं. हिनं चालवून पाहिलं, हिच्याकडे चालतं, म्हणून हे आत घेतलं, असं." ताई थांबली. "तिथं माझं नाव आहे."

चिमणीचा चमचा मांडीवर आला. बराच वेळ ती तो बोटांनी पुसत बसली.

"तुझं नाही," ती म्हणाली. "ते ठोके माझे होते."

"ऐकून सही करणारी मी."

"म्हणजे आपणच आपली केबल मोडली. दोघींनी मिळून."

"हो. आणि नऊ खेपांत शोधून काढलं की आपणच मोडली." ताईला वैताग इतका आला होता की तो कुठून सुरू करावा कळेना, आणि मग तिला एकदम हसूच आलं. चिमणीलाही. दोघी हसल्या, पण फार वेळ नाही, कारण पत्र लिहायचं बाकी होतं.

तिनं सगळं लिहिलं. कुठला बदल, कुठल्या खेपेला काय झालं, नऊही क्रमांक. खाली लिहिलं, 'या बदलाखालची साक्ष माझीच आहे, ती न पाहता दिलेली होती.' शुक्रवार सकाळपर्यंत काही आलं नाही. दुपारपर्यंतही नाही. ताईनं भांडी दोनदा घासली. नवऱ्यानं एकदाही गिरणीचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी उत्तर आलं. 'बदल माझा, घाईही माझी. तो परत घेतला आहे. रविवारच्या पक्क्या आवृत्तीत ड्रायव्हर राहील. पुढच्या आवृत्तीचं पुढे बघू. एक अट. यापुढे साक्ष तिची हवी, जिचा हात पट्टीवर आहे. आणि सोबत मशीननं सांगितलेला क्रमांक.'

ताईनं ते चिमणीला वाचून दाखवलं.

"पुढे बघू म्हणजे पुन्हा सात सोमवार," चिमणी म्हणाली.

"सात सोमवार."

"आणि नाव माझं जाणार. जगासमोर."

"तुझं. चुकलं तर बोलणीही तुला."

"शिट्टी मात्र तुझ्याकडेच," चिमणी म्हणाली.

दोन आठवड्यांनी पुढच्या आवृत्तीचा पहिला कच्चा निघाला. सोमवारी आठाच्या आत ताईनं तो चढवला, वर आली आणि चहाचा कप घेऊन पाइपाजवळ बसली. तास झाला. पाइप गप्प. सव्वा तास झाला. नवरा म्हणाला, "विसरली असेल." ताईच्या कपाळावर आठी चढायला लागली होती.

मग जिन्यावर पावलं वाजली. चिमणी कधी वर येत नसे. चौदा पायऱ्या ती मोजत चढली, दारात उभी राहिली, धापा टाकत.

"पहिला कच्चा," ती म्हणाली आणि क्रमांक सांगितला, अंकन्अंक. "बाण दाबला नाही. तेविसाव्या मिनिटाला पट्टी मेली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मेली, एकविसाव्याला. चालत नाही, ताई."

"अरे देवा," ताई म्हणाली. साडेबारा हजार बदल, चौदा-पंधरा खेपा, गिरणी, गुडघे, सगळं एकदम तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. नवऱ्यानं न सांगता उठून इस्त्रीचं बटण तपासलं.

"बैस," ती चिमणीला म्हणाली. "आधी चहा घे. मग पत्र तू सांग, मी लिहिते."

आणि आधण ठेवता ठेवता ती चिमणीला पुन्हा एकदा म्हणाली, "काय म्हणालीस? नीट सांग."

"चालत नाही," चिमणी म्हणाली.